कमरेइतक्या उंचीवरचा दोर

"पोरीला सकाळी बघू नकोस. सकाळी आपण सगळेच चांगले असतो. दिवे लागायच्या सुमाराला बघत जा."

आत्याबाई हे बोलल्या तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती आणि मी तिची नखं कापत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. मी "हो हो" म्हटलं आणि पुढचं बोट धरलं. कॉलेजात तीन वर्षं जीवशास्त्र शिकलेली बाई मी. वाटाण्याच्या फुलांचे तक्ते काढून आनुवंशिकतेच्या पेपरात वर्गात दुसरी आलेली. म्हातारीच्या मनात दिवेलागणीचं काहीतरी खूळ असेल, असं समजून मी ते बोलणं कापलेल्या नखांबरोबर झाडून टाकलं.

त्यांचं बोलणं तसंही घरात कुणी मनावर घेत नसे.

आमचं घर दोर वळणाऱ्यांचं. घरामागे शंभर पावलांची सरळ, चोपलेली पट्टी आहे. तिला आम्ही नुसतंच 'वाट' म्हणतो. एका टोकाला चाक. एक जण चाक फिरवतो, दुसरा कमरेला वाख, म्हणजे घायपाताचे तंतू, गुंडाळून चाकापासून मागे मागे चालत जातो. बोटांतून तंतू सुटत राहतात, पीळ त्यांना धरत राहतो, आणि माणूस जेवढा मागे सरकेल तेवढा दोर वाढतो. "या धंद्यात पुढे चालणाऱ्याचं काम नाही," असं सासूबाई म्हणायच्या.

आत्याबाईंइतकं मागे कुणीच चालत नसे. साठीची बाई, पण पाठमोरी निघाली की पाऊल असं पडायचं, जणू जमीन तिच्या टाचांना आधीच ठाऊक आहे. दुपार झाली की मात्र पुढे चालताना त्यांचा उजवा पाय आत वळायचा, टाच उचलायची, बोटं जमिनीवर घासायची. म्हणून त्या चाकाकडे परत येतानाही पाठमोऱ्याच यायच्या. गावातली मुलं त्यांना खेकडा आत्या म्हणायची. मोठी माणसं याहून वाईट म्हणायची. लग्न होऊन सासरी गेल्या, तिथे सहा महिने टिकल्या. "संध्याकाळी पाणी भरायला सांगितलं की लंगडी, आणि मागे चालायला सांगितलं की हरणी. असली नाटकी सून आम्हाला नको," असा निरोप त्यांच्याबरोबरच आला होता.

सासूबाई तो निरोप चाळीस वर्षं पाठ म्हणत आल्या होत्या.

आत्याबाईंच्या त्या बोलण्याला तीन वर्षं झाली, त्या वर्षी पावसानं दोनदा तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली. उन्हाळा अर्धा बाकी असतानाच विहिरीचा तळ दिसायला लागला. वाख भिजवल्याशिवाय वळता येत नाही. कोरडा वाख तुटतो आणि बोटं कापतो. पाणी आणायचं तर तळ्यावरून, जाऊन येऊन पाऊण तास. सकाळी एक खेप, दुपारी एक, संध्याकाळी एक. सासरे आता नव्हते; घरात माणसं पाच: मी, नवरा, सासूबाई, आत्याबाई आणि सात वर्षांची माझी भिंगरी. हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी उभी म्हणून राहायची नाही.

"पाण्याला चार डोकी हवीत," सासूबाई म्हणाल्या. "एका डोक्याचा पाय दुखतो, म्हणजे राहिली तीन. आणि त्यातलं एक चाकाशी बांधलेलं."

"मी सकाळच्या दोन खेपा करते की वहिनी," आत्याबाई म्हणाल्या. "संध्याकाळची नको सांगूस."

"संध्याकाळी काय होतं गं तुला? सूर्य मावळला की पाय पण मावळतो?"

आत्याबाई हसल्या. "अगदी तसंच."

मला वाटलं, टोमण्याला टोमणा दिला. त्या खरं उत्तर देत होत्या.

भिंगरीला एक छोटी कळशी दिली. पहिल्या आठवड्यात ती माझ्यापुढे पळायची. मग संध्याकाळच्या खेपेला मागे राहायला लागली. मग पडायला. गुडघे फुटलेले, कोपर खरचटलेलं. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली: शेवटच्या तासाला खेळ असतो, मुलगी पाय दुखतात म्हणून बसून राहते, सकाळी मात्र व्यवस्थित पळते, तरी पालकांनी समज द्यावी. मी तिला गावातल्या डॉक्टरकडे नेलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा सकाळी, कारण दुपारनंतर त्याचा दवाखाना बंद. तिन्ही वेळा ती त्याच्यापुढे उड्या मारून आली. "वाढीचं वय आहे, दूध द्या," तो म्हणाला. तिसऱ्या वेळी माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही जरा कमी वाचत जा."

मी मान खाली घालून घरी आले. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. शहाण्या माणसानं काळजी खोटी ठरवली की किती हलकं वाटतं.

आणि मग तो दिवस. संध्याकाळची खेप, अंगणात शिरता शिरता भिंगरीचा पाय आत वळला आणि ती कळशीसकट आडवी झाली. घोटभरही पाणी राहिलं नाही. सासूबाई नुसत्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मी एकटी पुन्हा तळ्यावर गेले. अंधार पडायच्या आत परत आले, तर मागच्या वाटेवर माझी मुलगी कमरेला वाख गुंडाळून आत्याबाईंच्या शेजारून मागे मागे चालत होती. सरळ. झपझप. हसत.

मी हंडा ठेवला, तिथपर्यंत गेले आणि तिच्या थोबाडीत मारली.

"नाटकं करतेस? पाणी आणायचं म्हटलं की पाय दुखतो?"

ती रडली नाही. तिनं आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी बोटांतला पीळ सुटू दिला नाही, चाकही थांबवायला सांगितलं नाही. तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "मला पण अशीच बसली होती. याच वाटेवर. माझ्या आईच्या हातची."

मग हळूच म्हणाल्या, "सूनबाई, तुला सांगितलं होतं ना, संध्याकाळी बघत जा म्हणून?"

त्या रात्री मी जेवले की नाही, आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी वही घेतली. सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर, खेपेच्या आधी, नंतर. दोघींना अंगणातून चालायला लावायचे आणि लिहायचे. भिंगरी: सकाळी सरळ. दुपारी डावी टाच उचलते. संध्याकाळी दोन्ही पाय आत. दुपारी तासभर झोपली तर संध्याकाळ बरी. आत्याबाई: सकाळी थोडं जड. दुपारी उजवा पाय आत. संध्याकाळी भिंत धरून. झोपून उठल्यावर हलकं. मागे चालताना दोघींनाही काहीच नाही. पंधरा दिवसांत दोघींची पानं इतकी सारखी झाली की कुणाचं कोणतं ते कळायला वर नाव वाचावं लागायचं.

मी वही मिटली. नाटक नव्हतं, हे कळल्याचा आनंद एक क्षण टिकला. मग दिसलं ते पुढचं: माझी मुलगी साठीची, भिंत धरून चालणारी, सासरहून परत पाठवलेली, मुलांनी खेकडा म्हटलेली.

"अहो, हे रक्तातून आलंय," मी नवऱ्याला म्हटलं.

तो चाकाला तेल देत होता. तेल सांडलं. "कुणाच्या रक्तातून?"

मी वहीतली दोघींची पानं त्याच्यापुढे धरली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आमच्या घरात असलं काही नाही. लग्नाच्या वेळी तुझ्या वडिलांनी विचारलं होतं, तेव्हाही हेच सांगितलं होतं."

मोठ्या गावच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मेंदू आणि नसांच्या डॉक्टरीणबाई येतात. मी भिंगरीला आणि आत्याबाईंना घेऊन निघाले, तर सासूबाई चपला घालून आधीच बसथांब्यावर. "मी पण येते. घराबद्दल वेडंवाकडं काही सांगितलंस तर तिथे खरं सांगायला कुणी हवं ना."

बस एकच, सकाळची. दहाला पोहोचलो, बाराला नंबर लागला. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील, चष्मा डोक्यावर, समोर थंड झालेला चहा. भिंगरी त्यांच्यापुढे चालली आणि अर्थातच हरणासारखी चालली. पुन्हा 'तुम्ही जरा कमी वाचत जा' ऐकायची तयारी मी केली.

त्यांनी मात्र वही मागितली. पान उलटलं. मग पुढचं. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आला.

"संध्याकाळी बिघडतं?"

"हो. आणि झोपलं की सुधारतं."

"फोनवर काही काढलंय?"

काढलं होतं. मी दाखवलं. भिंगरी कळशी घेऊन येते, पाय आत वळतात. मग आत्याबाई. मी फोन परत घेणार तोच पुढचं चित्रण आपोआप सुरू झालं. दोघी वाटेवर, पाठमोऱ्या, वाख सोडत चाललेल्या. मी घाईनं बंद करायला गेले. तेवढंच तर कुणाला दाखवायचं नव्हतं.

"थांबा, थांबा. हे कधीचं?"

"त्याच संध्याकाळचं," मी म्हटलं. "दहा मिनिटांनंतरचं. म्हणूनच तर सगळे नाटक म्हणतात."

त्यांनी ते तीनदा बघितलं. "सगळे म्हणतातच. कधी कधी डॉक्टरसुद्धा म्हणतात. पण पुढे चालताना वळणारा पाय मागे चालताना सुटतो, हे काही आजारांत होतं. नाटक करणाऱ्याला एवढं सुचत नाही." मग आत्याबाईंकडे वळून म्हणाल्या, "किती वर्षं झाली आजी?"

"आठव्या वर्षापासून," आत्याबाई म्हणाल्या. एवढं बोलून त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. बोटाला पीळ घालायची सवय.

"मला हे डोळ्यांनी बघायचंय. संध्याकाळी पाचला सगळ्यात शेवटी या. आणि दोघींनी झोपायचं नाही."

आता पाच तास काय करायचं? दवाखान्याला तीन मजले, जिना रुंद. भिंगरीला आणि आत्याबाईंना मी जिना चढायला-उतरायला लावलं. आजार दिसलाच पाहिजे ना! तीन वेळा डॉक्टरपुढे सकाळनं मला तोंडघशी पाडलं होतं. भिंगरीला हा खेळ वाटला. आत्याबाई दर मजल्यावर टेकत होत्या. सासूबाई खाली बाकावर बसून मोजत होत्या, "झाल्या सहा." मग सातव्या खेपेला काय वाटलं कोण जाणे, उठल्या आणि आत्याबाईंच्या दंडाला धरून स्वतःही चढायला लागल्या.

"कुणाला शोधताय?" पहाऱ्यावरच्या माणसानं हटकलं.

"आजार शोधतोय," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून लपून बसलाय मेला."

आत्याबाई इतक्या हसल्या की पायरीवर बसल्या. मी त्यांना सासूबाईंच्या बोलण्यावर असं हसताना पहिल्यांदा बघितलं.

पाचला आजार सापडला. भिंगरीचे दोन्ही पाय आत, आत्याबाई भिंतीला धरून. मला दोघींकडे बघून रडू येत होतं आणि त्याच वेळी, देवाशपथ, हायसं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघींना चवड्यांवर चालवलं, टाचांवर, मग मागे. गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली, तळव्यांवरून किल्ली ओढली, मनगटं हळूहळू फिरवून ताठरपणा पाहिला. चपला हातात घेऊन उलट्या केल्या. दोन्ही जोड एकाच जागी झिजलेले: बाहेरची कड, करंगळीपाशी. सात वर्षांच्या पोरीचा आणि साठीच्या बाईचा.

मग त्यांनी कोरा कागद घेतला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. भिंगरीचा गोल भरून काळा केला, आत्याबाईंचा काळा केला. नवऱ्याचा चौकोन आणि सासऱ्यांचा चौकोन मोकळे ठेवले. "हे पुरुषांमध्ये असून बरेचदा दिसत नाही, बायकांत जास्त दिसतं. आता वरचं सांगा. आजींची आई?"

आत्याबाई म्हणाल्या, "आई कामसू होती. संध्याकाळी जरा बसून असायची, एवढंच."

"माझ्या सासूबाईंना असलं काही नव्हतं," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. "धडधाकट बाई. पहाटे उठून सगळं काम. आमच्या घरात..." आणि थांबल्या.



आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या विहिरीपर्यंत भिंतीच्या कडेनं एक दोर बांधलेला आहे. आम्ही त्यावर कपडे वाळत घालतो. कमरेइतक्या उंचीवर. लग्न होऊन आले तेव्हापासून मी कुरकुरत आले होते, की चादरी जमिनीला लागतात, दोर जरा वर बांधा. "पहिल्यापासून तिथेच आहे," असं सासूबाई म्हणायच्या आणि दर दोन वर्षांनी त्याच खुंट्यांना नवा दोर बांधायच्या.

"तो कपड्यांचा नव्हता," सासूबाई आता सावकाश म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूबाई दिवे लागले की तो धरून विहिरीपर्यंत जायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, अंधारात दिसत नाही. त्या गेल्यावर मी त्यावर कपडे टाकायला लागले." आत्याबाईंकडे न बघता पुढे म्हणाल्या, "डोळे चांगले होते त्यांचे. सुईत दोरा ओवायच्या रात्री."

डॉक्टरीणबाईंनी वरचा गोल काळा केला. कागदावर तीन काळे गोल झाले. वाटाण्याच्या फुलांचे असले शेकडो तक्ते मी काढले होते. माणसांचा हा पहिलाच, आणि त्याच्या पुराव्यावर मी रोज दोन्ही हातांनी कपडे पिळून वाळत घालत होते.

"म्हणजे हिचं असंच होणार?" मी विचारलं. इतके दिवस गिळलेला प्रश्न. "आत्याबाईंसारखं?"

"बहुतेक नाही," त्या म्हणाल्या. "नीट ऐका. हालचालीसाठी मेंदूत एक रसायन बनतं. माझा अंदाज असा, की या दोघींच्यात ते कमी बनतं. झोपेत भर पडते, दिवसभरात संपत जातं. तेवढं गोळीतून द्यायचं. थोड्याशा गोळीनं आठवडाभरात फरक पडला, तर अंदाज बरोबर. नाही पडला, तर मी चुकले आणि आपण पुढे शोधू. रक्तही तपासायला पाठवते, त्याला वेळ लागेल. घराण्यातून येणाऱ्या बऱ्याच आजारांत माझ्याकडे द्यायला फारसं काही नसतं. यात आहे, म्हणून एवढा वेळ बसवलं."

"आणि मी?" आत्याबाईंनी विचारलं. "मला आता काय उपयोग?"

"तुम्हालाही तीच गोळी."

"बावन्न वर्षांनी?"

"पाय थोडा राहील वाकडा. पण देऊन तर बघू."

परत जायला बस नव्हती. दवाखान्याच्या पडवीत पथारी टाकली. भिंगरी झोपली. सासूबाई आत्याबाईंच्या पायांशी बसल्या. मग उजवा पाय मांडीवर घेतला आणि रगडायला लागल्या. "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात," त्या पुटपुटल्या, "ते मी माझ्याबद्दल ऐकायला हवं होतं, तुझ्याबद्दल बोलत बसले." आत्याबाई म्हणाल्या, "जरा खालच्या बाजूला दाब गं. तिथे." बस, एवढीच माफी झाली त्या दोघींत.

घरी नवरा अंगणातच उभा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे माझ्यातून गेलं ते तिच्यात."

उत्तर सासूबाईंनी दिलं. "नाक पण तुझंच गेलंय तिच्यात. त्याची कधी माफी मागितलीस? चल, चाकाशी बस."

पाव गोळी सकाळी, पाव गोळी दुपारी. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी भिंगरीला मळमळलं आणि मी सगळ्या देवांना आणि त्या डॉक्टरीणबाईंना मनातल्या मनात बोल लावले. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी तळ्यावरून येत होते. ती माझ्या मागे होती. मी दर दहा पावलांवर वळून बघत होते, हे आता माझ्या मानेलाच लागलेलं वळण. एकदा वळले तर ती मागे नव्हतीच. मग पुढून आवाज आला, "आई, किती हळू चालतेस गं तू!" ती कळशी घेऊन बांधावर उभी होती. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या.

मी रस्त्यातच खाली बसले. हंड्यातलं अर्धं पाणी माझ्या मांडीवर सांडलं. त्या उन्हाळ्यात सांडलेलं हे एकच पाणी, ज्याबद्दल कुणी मला काही बोललं नाही.

आत्याबाईंना तीन आठवडे लागले. त्या गोळी घ्यायच्या आणि वर म्हणायच्या, "घेते आपली, पोरीला सोबत म्हणून." मग एका संध्याकाळी, शेवटचा दोर वळून झाल्यावर, त्या वाटेच्या लांबच्या टोकाला उभ्या होत्या. चाकाकडे यायचं होतं. नेहमीप्रमाणे पाठ फिरवली. मग पुन्हा तोंड वळवलं. आणि पुढे निघाल्या. पाय किंचित वाकडा, सावकाश, पण पुढे. चाकाला तेल देणाऱ्या माझ्या नवऱ्याचा हात थांबला. सासूबाई उद्याचा वाख भिजवत होत्या, त्यांचे हात पाण्यातच राहिले.

आत्याबाई चाकापाशी पोहोचल्या, धापा टाकत म्हणाल्या, "अरेच्चा! समोरून येताना वाट केवढीशी आहे!"

दोन महिन्यांनी रक्ताचा कागद आला. अंदाज खरा होता, आजाराला नावही मिळालं. शाळेतल्या बाईंना मी तो दाखवला. त्यांनी भिंगरीला जवळ घेतलं. खेळाचा तास अजूनही शेवटीच असतो, पण भिंगरी आता बसून राहत नाही. पुढे भिंगरीला मूल झालं तर त्याच्यातही हे येऊ शकतं, निम्मी शक्यता. मला त्याची भीती वाटत नाही असं नाही. पण ती आता नाव असलेली भीती आहे, आणि तिच्या गोळीची पट्टी कपाटात, वरच्या फळीवर आहे. थोबाडीत मारलेल्या त्या एका हाताचं मात्र औषध मला कुणी दिलेलं नाही. भिंगरी विसरली म्हणते.

तो दोर आम्ही वर बांधला नाही. चादरी लागू देत जमिनीला.

तुम्ही हे वाचताय, तर एक काम करा. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणीतरी असेल, सकाळी ठणठणीत आणि संध्याकाळी 'अंग चोरणारी'. आज दिवे लागताना तिच्याकडे जा. दहा पावलं पुढे चालायला सांगा, मग दहा पावलं मागे, आणि नीट बघा. तिची आई संध्याकाळी कुठे आणि कशी बसायची, तेही विचारा. सकाळी जाऊ नका. सकाळी आपण सगळेच चांगले असतो.